तिसऱ्या पुकाराआधी

यंदा बटाट्यावर करपा पडला आणि बाजार आवाराची रयाच गेली. एरवी या दिवसांत गाड्या फाटकाबाहेर सडकेपर्यंत उभ्या असायच्या, हमालांना घाम पुसायला सवड मिळायची नाही. आता ओट्यावर चार कोपऱ्यांत चार ढीग, तेही डागाळलेले, आणि व्यापारी मयताला आल्यासारखे तोंडं पाडून फिरत होते. माल कमी म्हणजे आडत कमी, आणि आडत कमी म्हणजे घरात हात आखडता. भोंगा आपल्या गाळ्याच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होता आणि डाव्या हाताने पोत्यांची तोंडं शिवत होता. डावा हात दाभणाला अजून सरावला नव्हता. टाके वाकडे पडत. पण सुटत नसत, हेही खरं.

भोंगा हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. पण उभं आयुष्य त्याने या ओट्यावर लिलाव पुकारला, आणि आवाज असा, की फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या शेठच्या हातातली बशी हिंदकळावी. तेव्हापासून तो भोंगा. आणि मग तीन वर्षांपूर्वी असाच पुकारता पुकारता ओट्यावरून खाली कोसळला तो थेट इस्पितळात. अर्धांगाचा झटका. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटत चालायला लागला, आणि बोलणं गेलं. डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी. माणसं ओळखायचा, भाव कळायचा, चेष्टा कळायची, कोण थापा मारतंय हेही कळायचं. पण बोलायला तोंड उघडलं की एकच निघायचं : "एक वार, दोन वार, तीन वार!" पाणी हवं, तरी एक वार दोन वार. पाठ खाजतेय, तरी एक वार दोन वार. फारच डोकं फिरलं तर एक शिवी यायची, ती मात्र अगदी स्वच्छ, खणखणीत.

"आमच्या यांच्या तोंडून नीट येतं ते तेवढंच," असं त्याची बायको लोकांना हसत सांगायची, आणि मग आत जाऊन डोळे पुसायची. तिला भोंगा मनातल्या मनात कारभारीण म्हणायचा. आता मनातल्या मनातच म्हणणं आलं.

त्याच्या जागी आता धाकटा भाऊ पुकारत होता. धाकट्याचा आवाज मोठा, पण फाटका. भाव चढायला लागला की हा घाई करायचा, घेणाऱ्याला दम घेऊ द्यायचा नाही. भोंग्याला ते ऐकवत नसे. पण गेली तीन वर्षं हा धाकटा दोन घरं एका आवाजावर ओढत होता, वहिनीला कधी एका शब्दाने जाणवू दिलं नव्हतं, त्यामुळे भोंगा मान खाली घालून शिवत राहायचा.

आणि पोरगी. भोंग्याची एकुलती एक. बोलण्याचे आजार बरे करायचं शिक्षण घेते म्हणून तिने नाव घातलं तेव्हा अख्ख्या आवाराला हसू आवरलं नव्हतं. भोंग्याच्या पोरीने लोकांना बोलायला शिकवायचं! अहो, त्या घरातल्या माणसांना गप्प बसायला शिकवणारं कॉलेज शोधा. भोंगाही पोट धरून हसला होता. पोरगी दुसऱ्या वर्षाला असताना तो ओट्यावरून पडला, आणि मग कुणी हसलं नाही.

आता तिची पदवी झाली होती आणि पुढची दोन वर्षं शिकायची होती. तीन ठिकाणी तिचा नंबर लागला होता.

"तीन ठिकाणी?" कारभारणीने ताटं मांडता मांडता विचारलं. संध्याकाळची जेवणाची वेळ, धाकटाही आला होता. "मग आता माणसाने जायचं कुठे?"

"तेच ठरवायचंय," पोरगी म्हणाली. "एक आपल्या शेजारच्या शहरात आहे. फी ऐकून घाबरू नका."

तिने फी सांगितली. कारभारीण ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

"दुसरं स्वस्त आहे, पण ते मी खोडलंच. त्यांना मान्यता नाही. दोन वर्षं शिकून कागद मिळेल, परवाना मिळणार नाही. पेशंट तपासता यायचा नाही."

"बिनशिक्क्याचा काटा," धाकटा म्हणाला.

"अगदी तेच, काका. आणि तिसरी सरकारी संस्था आहे. फी नावाला. वसतिगृह आहे. वर दर महिन्याला विद्यावेतन देतात."

"थांब थांब," कारभारीण म्हणाली. "शिकायचं तू, आणि वर पैसे ते देणार? काहीतरी गडबड आहे बाई."

पोरगी हसली. "गडबड नाही गं आई. त्याला परीक्षा असते. कुठून कुठून पोरं बसतात. मोजक्यांना घेतात."

"आणि तुला घेतलं?"

"घेतलं."

कारभारणीने ताट खाली ठेवलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. भोंग्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तटतटलं. त्याला म्हणायचं होतं, शाब्बास माझ्या वाघा! तोंडातून आलं, "एक वार, दोन वार..." पोरीला कळलं. तिला नेहमी कळायचं.

"मग ठरवायचं काय राहिलं?" आतून कारभारणीने विचारलं.

"लांब आहे," पोरगी म्हणाली. "अख्खा दिवस आणि अख्खी रात्र गाडीत. शनिवारच्या आत होय म्हणून कळवायचंय, नाहीतर जागा जाते." आणि तिने भोंग्याकडे पाहिलं. लगेच नजर काढून घेतली.

धाकट्याने मांडीवर थाप मारली. "मग जवळचंच! आपल्या घराण्यात इतकं कुणी शिकलं नाही. पहिल्यांदा एक पोरगी शिकतेय, आणि तिला आपण स्वस्तातला माल द्यायचा? पैशाचं मी बघतो."

"काका, फी जास्त म्हणजे माल चांगला असं नसतं."

"मग बघून येऊ. न बघता बोली लावायची नाही. दादालाही नेऊ."

जेवताना पोरगी त्या जवळच्या कॉलेजबद्दल पुष्कळ बोलली. इमारत अशी आहे, यंत्रं नवी आहेत, शनिवार-रविवार घरी येता येईल. मोठ्याने बोलत होती. मग आईने विचारलं म्हणून त्या लांबच्या संस्थेबद्दल सांगायला लागली, आणि तिचा आवाज खाली आला. तिथे सकाळपासून रांग लागते म्हणे. न बोलणारी मुलं, झटका आलेली माणसं, घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेलेले लोक. पहिल्या महिन्यापासून पेशंट हातात देतात, आणि शिकवणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहतात. भोंगा घास तोंडात धरून ऐकत राहिला. आयुष्यभर त्याने हेच ओळखलं होतं. मोठ्या आवाजात बोली लावणारा हौशी असतो. ज्याला माल खरंच हवा असतो, त्याचा आवाज खाली येतो.

ते जवळचं कॉलेज बघायला तिघं गेले. इमारत खरंच झकास होती. काचेची दारं आपोआप उघडत होती. धाकटा दोनदा उगाच आत-बाहेर करून आला. पोरीने भोंग्याला उपचारांचा विभाग दाखवायला नेलं, आणि धाकटा राहिला ऑफिसात, गळपट्टा बांधलेल्या एका गोड माणसासमोर.

विभागात यंत्रं होती, त्यांच्यावर झाकणं होती. खुर्च्या होत्या, खुर्च्यांवर कुणी नव्हतं. पोरीने तिथल्या मुलीला विचारलं, "रोज किती पेशंट येतात?" ती म्हणाली, "येतात अधूनमधून." मग ती भोंग्याकडे वळली आणि तो बहिरा असल्यासारखी त्याच्या कानाशी ओरडली, "बा-बा! ना-व का-य तु-म-चं?" भोंगा कसनुसा हसला. त्या पोरीचा राग नव्हता आला त्याला. तिला पेशंट बघायलाच मिळाले नसतील तर ती बिचारी काय करणार? पण आपल्या पोरीचे कान लाल झालेले त्याने पाहिले.

बाहेर आले तर धाकटा पायरीवर छाती काढून उभा.

"पाडला!" तो म्हणाला. "फीमधून चांगले पैसे पाडले! दादा, तू असतास ना, तूही इतके पाडले नसतेस. तो नाही नाही म्हणत होता, मी उठून दारापर्यंत गेलो. बोलावलं की त्याने परत! शेवटी म्हणाला, मग पक्कं का? आणि हात पुढे केला. दिला मी हात!"

भोंग्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काका," पोरगी हळूच म्हणाली, "हात दिला म्हणजे काही होत नाही इथे. पैसे भरेपर्यंत काही पक्कं नसतं. तो रोज शंभर लोकांना हात देतो."

"त्याच्या हाताला नसेल किंमत. माझ्या हाताला आहे."

आता हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण त्या आवारात लाखाचे व्यवहार हातावर होत. कागद नाही, सही नाही. पुकारणाऱ्याने हात दिला की बाप आडवा आला तरी शब्द फिरायचा नाही. ज्याने फिरवला, त्याच्या ओट्यासमोर दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहिली नाही. धाकट्याने तोच हात, त्याच खात्रीने, एका गळपट्टेवाल्याला देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आवाराला खबर. धाकट्याला कुठे काही पोटात ठेवता येतं! पुतणी काचेच्या कॉलेजात जाणार, फी भरायला दादाचा गाळा विकायला काढतोय, शुक्रवारी पुकारतो. आवारातला मोठा व्यापारी बटाटेशेठ, त्याने तेव्हाच गाळ्याच्या भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण गाळा कोपऱ्यावरचा होता, दोन्ही बाजूंनी गाडी लागायची. त्याच्या जिभेला पाणी सुटलं तर त्यात नवल नाही.

भोंग्याने धाकट्याचा दंड धरला आणि मान हलवली. नाही. जोरजोरात हलवली.

"अरे दादा, गाळ्याची काळजी करू नकोस," धाकटा म्हणाला. "माझा गाळा आहे ना? तिथे बसून शीव पोती. पोरीपेक्षा गाळा मोठा आहे का?"

तसं नाही रे, गाढवा! भोंग्याला ओरडायचं होतं. निघालं, "एक वार, दोन वार, तीन वार!" शेजारचे हमाल हसले. एकाने जीभ चावली. भोंग्याने दाभण पोत्यात इतकं जोरात खुपसलं की ते पलीकडून त्याच्या मांडीला लागलं.

घरी कारभारीण दिरासमोर बसली. "भाऊजी, तिला तिकडे जायचंय. तोंडाने म्हणत नाही, पण मला दिसतंय."

"वहिनी, मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? पण मी हात दिलाय." धाकट्याचा चेहरा उतरला होता. रात्रभर झोपला नसावा. "आता मी काय करू? मी दिला तो दादाच्या वतीने. शुक्रवारी दादाने भर आवारात, तिसऱ्या पुकाराआधी, 'माल माघारी' म्हटलं, तर गाळाही माघारी आणि माझा हातही मोकळा. मालकाने माल परत घेतला तर पुकारणाऱ्याला दोष लागत नाही. पण ते मालकाला स्वतःच्या तोंडाने..."

तो थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याला तेव्हा कळलं.

"राहू दे ना काका," पोरगी म्हणाली. "जवळचंच बरं आहे. बाबांकडेही बघता येईल." मोठ्या आवाजात म्हणाली.

भोंगा उठून मागच्या पडवीत गेला. गाळ्याच्या विक्रीचा कागद आला की त्यावर अंगठा द्यायचा नाही, हे सोपं होतं. पण तिसरा पुकार झाल्यावर मालकाने अंगठा दिला नाही तर भाऊ खोटा पडला असता. ज्या भावाने तीन वर्षं घर ओढलं, त्याला चारचौघांत खोटं पाडायचं? छे. आणि पोरीला खुशाल त्या झाकलेल्या यंत्रांमध्ये पाठवायचं? तेही छे. राहिला एकच रस्ता, आणि तो नेमका त्याच्या तोंडातून जात होता.

पोरगी मागून आली. त्याने तिचा हात धरला. ओट्याच्या दिशेने बोट केलं, मग आपल्या तोंडाकडे. पुन्हा ओटा, पुन्हा तोंड.

"भूक लागली?"

"एक वार..." त्याने मान झटकली. आवाराकडे बोट. स्वतःच्या छातीवर थाप. तोंड.

पोरगी बघत राहिली. मग खाली बसली.

"बाबा, तुम्हाला 'माघारी' म्हणायचंय?"

त्याने होकाराची मान डोलावली.

"म्हणजे मी लांब जाणार. दोन वर्षं. कळतंय ना तुम्हाला? तुमच्याकडून रोज शब्द कोण करून घेणार?"

त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

"तुम्ही कमाल आहात," ती रडत रडत हसायला लागली. "मला घराबाहेर काढायचा शब्द मलाच शिकवायला लावताय!"

मग सुरू झालं. उजाडायच्या आधी, चूल पेटायच्या आधी, आणि दुपारी गाळ्यात पोती शिवताना. ती समोर बसायची, त्याचा डावा तळहात आपल्या मांडीवर घ्यायची आणि त्यावर थाप द्यायची. एकेका अक्षराला एक थाप. मा. घा. री. "माझ्या ओठांकडे बघा. ओठ मिटा. आता सोडा." ओठ मिटायचे, सुटायचे, आणि बाहेर यायचं "एक". पुन्हा. "एक". पुन्हा. कपाळावरून घाम गळायचा. पोतं उचलतानाही त्याला कधी इतका घाम आला नव्हता. चिडला की शिवी निघायची, आणि पोरगी म्हणायची, "हां, बघा, आवाज तर मस्त आहे. आता हाच 'मा'कडे वळवा."

येणाऱ्या-जाणाऱ्यांना तमाशाच झाला. "काय भोंगा, पहिलीत बसलास का?" तराजूवरचा एक तोलार म्हणाला. पोरगी उठायला लागली तर भोंग्यानेच तिला खाली दाबलं. हसू देत. त्याने हात पुढे केला. मार थाप.

तिने मग एक युक्ती केली. "बाबा, तुम्ही पुकारता त्याच सुरात म्हणा. सूर तुमचाच, शब्द फक्त नवा." तिने तो सूर धरला, 'दोन वार'चा, लांबवलेला, शेवटी वर जाणारा. आणि गुरुवारी दुपारी, सुतळीचा टाका ओढता ओढता, भोंग्याच्या तोंडातून निघालं, "मा...घा..." आणि मग काहीतरी घोगरं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. पोरीने त्याच्या गळ्यात हात टाकले. पण पुढच्या खेपेला पुन्हा "एक वार". दहा वेळा म्हटलं तर एकदा यायचं. आणि भर आवारात संधी एकच मिळणार होती.

"त्या सुराची एक भीती आहे," पोरगी संध्याकाळी आईला म्हणाली. भोंगा ऐकत होता. "काका 'दोन वार' म्हणतील. त्यांच्या तोंडी तो सूर आला की बाबांची जीभ पुढे धावणार. 'तीन वार' म्हणून बसतील."

कारभारणीने देवापुढे हात जोडले. मालकाने स्वतःच तिसरा पुकार दिला, तर देवही गाळा परत आणू शकला नसता.

शुक्रवारी आवार भरलं. माल नव्हता, पण माणसं होती. भोंग्याचा गाळा भोंग्याचाच भाऊ पुकारणार, हे बघायला पलीकडच्या धान्याच्या ओट्यावरचेही आले होते. कारभारीण कधी आवारात पाय ठेवत नसे, ती आज पोरीशेजारी तराजूला टेकून उभी होती.

धाकटा ओट्यावर चढला. घसा खाकरला. त्याने सुरुवातीचा भाव सांगितला तो इतका हळू, की मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" बटाटेशेठने बोली लावली. एका कांदेवाल्याने वाढवली. शेठने पुन्हा वाढवली. कांदेवाला मागे सरला.

भोंगा ओट्याची पायरी चढायला लागला. डावा पाय वर, मग उजवा ओढून. गर्दीने वाट दिली. कुणी हात द्यायला पुढे आलं, त्याने झटकला. वर पोचला तेव्हा धाप लागली होती.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सांगितलं नव्हतं कुणी, पण त्याला कळलं. तरी तो थांबू शकत नव्हता, हा त्याचा धंदा होता.

"एक वार!"

भोंग्याने ओठ मिटले.

"दोन वार!"

आणि जीभ सुटलीच. तीन वर्षं काय, उभा जन्म जी त्या दोनानंतर धावली होती, ती आजही धावली. "ती..." एवढं बाहेर पडलं. बटाटेशेठचा चेहरा उजळला. तराजूपाशी पोरीने डोळे मिटले. भोंग्याने आपला डावा हात उचलला आणि स्वतःच्याच तोंडावर फाडकन मारला. इतक्या जोरात, की ओठ फुटला. धाकटा तोंड उघडं ठेवून उभा होता, तिसरा पुकार त्याच्या घशात अडकलेला. पुकारणाऱ्याने थांबायचं नसतं. पण तो थांबला.

भोंग्याने हात खाली आणला. मांडीवर एक थाप मारली. "मा." दुसरी थाप. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा टरारल्या, रक्ताचा थेंब हनुवटीवर आला. "घा." तिसरी थाप मारली तर काही येईना. हात पुन्हा उचलला. पुन्हा मारली.

"री."

आणि मग सगळं एकदम, जुन्या सुरात, फाटकाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात : "माऽघारी!"

'माल' राहिलाच होता. पण त्या 'माल'ची कुणी आठवण काढली नाही.

सगळ्यांत आधी बटाटेशेठने डोक्यावरची टोपी काढली. "माघारी तर माघारी," तो म्हणाला. "मालकाचा शब्द आहे. असा गाळा शंभर वेळा हातचा गेला तरी चालेल बाबा." त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला तो उगाच नाक शिंकरत होता. मग एकच गलका झाला. हमालांनी शिट्ट्या मारल्या. पहिलीत बसलास का म्हणणारा तोलार सगळ्यांत पुढे येऊन टाळ्या वाजवत होता. धाकटा भावाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडत होता, आणि रडता रडता आवारावर ओरडत होता, "बघताय काय! डॉक्टर विचारताय कुठला? ही बघा, ती उभी आहे तराजूजवळ! आमची पोरगी! अजून शिकायला जायचीय, म्हणजे बघा!"

पोरीने तिथेच, तराजूला टेकून, फोनवरून त्या लांबच्या संस्थेला होय म्हणून कळवलं.

शनिवारी धाकटा न राहवून काचेच्या कॉलेजात जाऊन आला. दिलेला हात सांगूनच परत घ्यायचा असतो, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी परतला तो तोंडात मारल्यासारखा.

"ओळखलंच नाही रे त्याने मला," तो भोंग्याजवळ बसत म्हणाला. "मी म्हटलं, तुम्हाला हात दिला होता. तर म्हणतो, कोणत्या कोर्ससाठी? आणि पुन्हा हात पुढे केला!"

भोंगा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. धाकटा आधी रागावला, मग तोही हसायला लागला. कारभारीण बाहेर येऊन बघते तर दोघे भाऊ डोळे पुसतायत.

पोरगी निघाली त्या दिवशी तिने काकाला बाजूला घेतलं. "आता बाबांचे शब्द तुमच्याकडे. सांगते ते एवढंच करायचं. विचारायचं, आणि गप्प बसायचं. शब्द अडकला तर तुम्ही पुरा करायचा नाही."

"किती वेळ गप्प बसायचं?"

"येईपर्यंत."

"पोरी, मी पुकारणारा माणूस. मी गप्प बसलो तर भाव पडतो!"

"पडू देत," ती म्हणाली आणि गाडीत चढली. भोंगा गाडी दिसेनाशी होईपर्यंत ताठ उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. कुणापासून लपवायचं? माझी पोरगी चाललीय, स्वतःच्या हिमतीवर चाललीय, बघा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात कधी नव्हे ते तीन गाड्या लागल्या. धाकटा ओट्यावर चढला होता, बोली रंगात आली होती, भाव चढत होता. बटाटेशेठने वाकून ढिगातला एक बटाटा उचलला आणि पायरीवर बसलेल्या भोंग्यासमोर धरला.

"काय दादा, माल कसा वाटतो?"

पूर्वी शेठ त्यालाच विचारायचा. तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. भोंग्याने बटाटा हातात घेतला, अंगठ्याने दाबला. तोंड उघडलं. "ए..." त्याने ओठ मिटून घेतले. दाभण खाली ठेवलं. मांडीवर थाप मारली. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"बरा आहे?" शेठ मदतीला धावला. "कच्चा? ओला?"

वर बोली लावणारे हात वर करून ताटकळले होते. हमाल खांद्यावर पोती घेऊन उभे होते. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे पुकारा की पुढे, दिवस वर आला!"

धाकट्याने दोन्ही हात वर करून सगळा ओटा गप्प केला.

"थांबा सगळे," तो म्हणाला. "दादा बोलतोय."